बारा कोडी आणि बर्फाखालचं पदक

सेंट पॉल ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी. दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस तिथलं 'पायोनिअर प्रेस' हे वर्तमानपत्र तळहातावर मावेल एवढं एक पदक कुठल्या तरी सार्वजनिक जागी दडवतं आणि मग रोज एक याप्रमाणे बारा यमकबद्ध कोडी छापतं. पहिल्या कोड्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. बारावं कोडं वाचून शाळकरी पोरही नेमक्या झाडापाशी पोचू शकतं. या दोन टोकांच्या मधल्या दिवसांत आजोबा, कॉलेजातली मुलं, रात्रपाळी संपवून थेट आलेले कामगार, अख्खी कुटुंबं फावडी आणि दाताळी घेऊन बागांमधला बर्फ उपसत असतात. पदक सापडेल त्याला बक्षीस मिळतं, आणि अलीकडच्या वर्षांत ते १०,००० डॉलरपर्यंत पोचलेलं आहे. १९५२ पासून हा शोध चालू आहे.

अवघड कोडं रचणं तसं सोपं असतं. कुणालाच उलगडणार नाही असं काहीही लिहिलं की झालं. रोज थोडं थोडं उलगडत जाणारं, पहिल्या दिवशी अंधारात ठेवणारं पण खोटं न बोलणारं, आणि शेवटच्या दिवशी कुणालाही सुटणारं कोडं रचणं फार कठीण. सेंट पॉलमध्ये ते वर्षानुवर्षं कसं जमवलं जातं, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी हिवाळ्याबद्दल. १८८५ च्या सुमारास पूर्वेकडच्या एका वार्ताहराने लिहिलं की सेंट पॉल म्हणजे दुसरा सैबेरियाच, हिवाळ्यात माणसांनी राहण्याच्या लायकीचं नाही. शहराला ते झोंबलं. उत्तर म्हणून १८८६ मध्ये तिथल्या लोकांनी ऐन थंडीत उत्सव भरवला आणि बर्फाच्या लाद्यांचा राजवाडा उभा केला. त्या उत्सवाला एक कथाही आहे. बोरियास हा वाऱ्यांचा राजा येऊन शहरात हिवाळ्याचं राज्य मांडतो, आणि अखेर अग्नीचा राजा व्हल्कन त्याला पळवून लावतो. कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेरल्ड १८९६ मध्ये याच शहरात जन्मला, आणि १९२० च्या त्याच्या एका प्रसिद्ध कथेच्या केंद्रस्थानी असाच बर्फाचा राजवाडा आहे. उत्सव अखंड चालला असं मात्र नाही. मधे तो बंद पडला, १९१६-१७ मध्ये लुईस हिल यांनी तो पुन्हा उभा केला, मग १९३७ मध्ये परत सुरू झाला. १९८६ मध्ये शताब्दीसाठी फेलन तळ्याकाठी १२८ फूट उंच राजवाडा बांधला होता.

उत्सवातली मिरवणूक बघायला माणूस तासभर रस्त्याकडेला उभा राहतो आणि घरी जातो. त्याला दिवसेंदिवस घराबाहेर काढायचं, शिवाय रोज सकाळी वर्तमानपत्र विकत घ्यायला लावायचं, यासाठी खजिन्याची कल्पना निघाली. यात वर्तमानपत्राचा फायदा होता हे उघड आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. खप वाढावा म्हणून वर्तमानपत्रं यापेक्षा कितीतरी वाईट गोष्टी करतात.

आता लपवण्याकडे वळू. पदक रॅमसी काउंटीतल्या सार्वजनिक जागेतच असतं, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकाराने पुष्कळ लहान. रॅमसी ही मिनेसोटातली क्षेत्रफळाने सगळ्यात छोटी आणि सगळ्यात दाट वस्तीची काउंटी आहे. खासगी अंगण, घराची बाग, दुकानाची मागची बाजू या जागा आपोआप बाद होतात. या एका अटीमुळे खेळ सगळ्या शहराचा होतो. शोधणाऱ्याला कुणाच्या परवानगीची, ओळखीची किंवा गाडीचीही गरज उरत नाही. बस पकडून बागेत जाता येतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. सेंट पॉलमध्ये जानेवारीच्या रात्री पारा सरासरी उणे तेरा सेल्सिअसच्या आसपास असतो, आणि थंडीची लाट आली की त्याच्याही बराच खाली जातो. माती इतकी खोलवर गोठते की दक्षिण मिनेसोटात घराचा पाया निदान साडेतीन फूट खोल न्यावा लागतो. अशा जमिनीत खड्डा खणून काही पुरणं जवळपास अशक्य, आणि खणलंच तर उकरल्याची खूण झाकता येत नाही. म्हणून पदक जमिनीवर किंवा जमिनीलगत ठेवलं जातं आणि वरचं काम बर्फ करतो. ताजा बर्फ पडला की पाऊलखुणा पुसल्या जातात. मधेच ऊन पडून बर्फ वितळला तर लपवणाऱ्याचा जीव टांगणीला, कारण पदक उघडं पडू शकतं. ते टाळायला वेषांतर करतात. पदक कधी बर्गरच्या खोक्यात, कधी लहान बाळाच्या डायपरमध्ये अशा रीतीने ठेवलं गेलं आहे की बघणाऱ्याला तो नुसता कचरा वाटावा. त्यामुळे अनुभवी शोधक बागेत पडलेला एकही कागदाचा बोळा उलगडल्याशिवाय सोडत नाही.

कोडी किती नेमकी असावी लागतात ते आकड्यांत पाहू. रॅमसी काउंटीची जमीन सुमारे ३९४ चौरस किलोमीटर, म्हणजे ३९ कोटी ४० लाख चौरस मीटर. समजा प्रत्येक कोड्याने शोधायची जागा निम्मी केली. बारा वेळा निम्मं केल्यावर उरतात सुमारे ९६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २४ एकर. एवढ्या बर्फात काडेपेटीएवढी वस्तू शोधायला माणसाला अख्खा हिवाळा पुरायचा नाही. प्रत्येक कोड्याने जागा एक-पंचमांश केली, तर मात्र बाराव्या कोड्यानंतर जेमतेम दीड-पावणेदोन चौरस मीटर उरतात, म्हणजे एका माणसाने गुडघे टेकून चाचपावी एवढी जागा. कोडी रचणाऱ्याला सरासरीने एवढी छाटणी करावीच लागते. प्रत्यक्षात ती समान नसते. पहिली तीन-चार कोडी फारच थोडं छाटतात, आणि मग सातव्या-आठव्यापासून कात्री भराभर चालू लागते. ही असमान गती मुद्दाम ठेवलेली असते. सुरुवातीलाच फार सांगितलं तर पदक तिसऱ्या दिवशी सापडेल आणि शहराचा आठवडा वाया जाईल.

कोडी कोण रचतं ते वर्तमानपत्र गुप्त ठेवतं. ती इंग्रजीत असतात, आणि त्यांची खुमारी इंग्रजी यमकांत आणि शहराच्या खुणांत मुरलेली असते. तेव्हा त्यांचं भाषांतर देण्यापेक्षा त्याच शहरातल्या एका खऱ्या बागेवर मराठीत काही कोडी रचून दाखवतो. बाग आहे कोमो पार्क. तिथल्या ज्या गोष्टींचा उल्लेख येईल त्या खऱ्या आहेत. शेवटच्या कोड्यातलं बाक आणि झाड तेवढं कल्पनेतलं. बारापैकी पाचच देतो, म्हणजे उताराची दिशा कळेल.

पहिलं कोडं:

वाऱ्याचा राजा गावात आला, टोपी घाला, निघा रे,
वाहतं पाणी मागे ठेवा, थांबलेल्याकडे बघा रे.

पहिली ओळ म्हणजे नुसतं उत्सवाचं स्वागत. वाऱ्याचा राजा तो बोरियास. माहिती आहे ती दुसऱ्या ओळीत, आणि तीही मोघम. वाहतं पाणी म्हणजे मिसिसिपी नदी, जी या शहरातून जाते. तिच्या काठच्या हॅरिएट आयलंड, हिडन फॉल्स अशा बागा बाद झाल्या. थांबलेलं पाणी म्हणजे तळं. पण मिनेसोटात तळ्यांना काय तोटा! एकट्या रॅमसी काउंटीत कोमो, फेलन, केलर, मॅकॅरन्स, ओवासो, व्हाइट बेअर अशी किती तरी आहेत. शिवाय 'थांबलेलं पाणी' म्हणजे गोठलेला धबधबा, बंद पडलेलं कारंजं किंवा बर्फाचा राजवाडाच असं कुणी म्हणालं, तर पहिल्या दिवशी त्याला चूक ठरवता येत नाही. पहिल्या कोड्याने नेमकं एवढंच करायचं असतं.

चौथं कोडं:

सागरापल्याड बहीण माझी सुखात तिथे नांदते,
तिने दिलेल्या बागेला थंडी पांढरा शेला बांधते.

इथे शहराची ओळख असणारा माणूस ताठ बसतो. सेंट पॉल आणि जपानमधलं नागासाकी ही १९५५ पासून भगिनी-शहरं आहेत. अमेरिका आणि जपान यांच्यातली ही अशी पहिली जोडी. कोमो पार्कात नागासाकीच्या मदतीने उभी राहिलेली जपानी बाग आहे. म्हणजे कोमो? थांबा. चीनमधलं चांगशाही सेंट पॉलचं भगिनी-शहर आहे, आणि त्या मैत्रीची खूण म्हणून अलीकडच्या काळात फेलन पार्कात चिनी बाग झाली आहे. तीही तळ्याकाठीच. चौथं कोडं दोन्हीकडे सारखंच बसतं. त्या रात्री निम्मे लोक कोमोत आणि निम्मे फेलनमध्ये असतील. असा दुहेरी अर्थ रचणाऱ्याला सापडला की त्याचं निम्मं काम झालं म्हणायचं. खोटं एक अक्षर बोलायचं नाही आणि तरी गर्दी दोन दिशांना पांगवायची.

सातवं कोडं:

जत्रा सुटली, घोडे उरले, ना दाणा ना चारा,
लाकडी त्यांच्या टापांना इथे मिळाला थारा.

कोमो पार्कात लाकडी घोड्यांचा एक जुना फिरता पाळणा आहे. १९१४ ते १९८८ पर्यंत तो मिनेसोटाच्या राज्य-जत्रेत फिरत होता, आणि २००० साली कोमोत आला. या कोड्याने फेलन गळालं. पण पहिल्या वाचनात बरेच जण जत्रेच्या मैदानाकडे धावतील, कारण ते मैदान कोमोपासून जवळच आहे आणि काउंटीच्या हद्दीतच आहे. 'सुटली' या क्रियापदाकडे ज्याचं लक्ष गेलं त्याला कळेल की घोडे जत्रेतून निघून गेले आहेत.

दहावं कोडं:

घोड्यांकडे पाठ फिरवा, तळ्याकडे चाला,
मंडप ठेवा उजव्या हाताला, वाट विचारा पाण्याला.

आता लपवाछपवी जवळपास संपली. कोमो तळ्याच्या काठी एक मोठा मंडप आहे, आणि तळ्याभोवतीची पायवाट साधारण पावणेतीन किलोमीटरची आहे. तिचा एक तुकडा तेवढा उरला.

बारावं कोडं:

बाकापासून तिसरं झाड, बुंधा दोन फाट्यांचा,
मुळापाशी पडलाय मोजा, जुना, फाटक्या काठांचा.

इथे कोडं राहिलेलंच नाही, हा सरळ पत्ता आहे. तसाच असायला हवा. ज्याला इतिहास माहीत नाही, ज्याला शब्दखेळ जमत नाही, त्यालाही बाराव्या दिवशी संधी मिळालीच पाहिजे. अट एकच, त्याला पहाटे सगळ्यांच्या आधी पोचावं लागेल.

ही पाच कोडी मी शेवटून सुरुवात करून लिहिली, आणि मला वाटतं की याला दुसरा मार्ग नाही. आधी झाड ठरवायचं, मग झाडापाशी आणणारी वाट, मग ती वाट असलेली बाग, मग त्या बागेला जुळणारी दुसरी फसवी बाग, आणि सगळ्यात शेवटी पहिलं कोडं. पहिलं कोडं आधी लिहायला घेतलं की माणूस कवितेच्या नादी लागतो आणि झाड हरवतं.

यमकाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. कोडं गद्यात छापलं असतं तर काय झालं असतं? प्रत्येक शब्द संशयास्पद ठरला असता. यमकात मात्र लिहिणाऱ्याला आडोसा मिळतो. काही शब्द माहितीसाठी येतात, काही निव्वळ यमक जुळवण्यासाठी, आणि कुठला कुठल्या कामासाठी आला ते वाचणाऱ्याला ओळखायचं असतं. वरच्या चौथ्या कोड्यात 'शेला' हा शब्द बर्फासाठी आणि 'बांधते' हे 'नांदते'शी जुळावं म्हणून आलं आहे. पण शेला म्हणजे कापड, कापड म्हणजे गिरणी, असा तर्क करत कुणीतरी जुन्या गिरणीच्या आवारात रात्र काढू शकतो. लग्नात उखाणा घेतला जातो तेव्हाही पहिली ओळ पुष्कळदा यमकासाठीच असते आणि नाव शेवटी येतं. फरक एवढाच की तिथे ते नाव सगळ्यांना आधीच माहीत असतं, आणि इथे ते शोधायला सगळं गाव निघालेलं असतं.

मराठीत रचताना एक गोष्ट लक्षात आली. आपलं वाक्य बहुतेक वेळा क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक पुष्कळदा क्रियापदांवर पडतं आणि नामं ओळीच्या पोटात राहतात. म्हणून मराठी कोड्यात गुपित बहुधा ओळीच्या मधे सापडेल. इंग्रजीत ओळीच्या टोकाला नाम सहज येतं, आणि तिथल्या शोधकांना टोकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न दर वेळी पडतो. यमकाचा आणखी एक साधा उपयोग आहे तो म्हणजे पाठांतर. हातमोजे काढून खिशातला कागद उलगडणं उणे पंधरामध्ये जिवावर येतं. यमकातलं कोडं सकाळी एकदा वाचलं की दिवसभर तोंडात राहतं. माणूस ते पुटपुटत बर्फ ढकलतो, आणि पुटपुटता पुटपुटताच अचानक दुसरा अर्थ लागतो.

शोधकांचीही एक रीत ठरून गेली आहे. कोडं हाती आलं की आधी ते मोठ्याने वाचायचं. ओळींची आद्याक्षरं जुळवून काही शब्द होतो का ते पाहायचं. आकडे, रंग, माणसांची नावं वेगळी काढायची, आणि ती रस्त्यांच्या, शाळांच्या, जुन्या महापौरांच्या नावांशी ताडायची. मग नकाशा. जी बाग एका कोड्याला बसत नाही तिच्यावर फुली. बारकावा असा की फुली नेहमी पेन्सिलीने मारायची, कारण सातव्या कोड्यानंतर दुसऱ्याचा अर्थ बदलू शकतो. पूर्वी वर्तमानपत्राची पहिली प्रत हाती पडावी म्हणून लोक रात्री छापखान्याच्या दाराशी रांग लावत, आणि प्रत मिळताच तिथेच दिव्याखाली वाचून गाड्यांकडे पळत. आता कोडं फोनवर येतं, पण धावपळ तीच आहे.

काही जण एकेकटे हिंडतात, पण गटही झाले आहेत. त्यांतल्या 'कूलर क्रू' या गटावर 'नो टाइम फॉर कोल्ड फीट' हा माहितीपटही निघाला. गटात काम वाटून घेता येतं. एक जण शहराचा इतिहास वाचतो, एकाचं शब्दांचं डोकं चांगलं असतं, तिसऱ्याच्या दंडात ताकद असते. बक्षीस सापडलं तर वाटून घ्यायचं हे आधी ठरलेलं असतं. गंमत अशी की स्पर्धा असूनही बागेत लोक एकमेकांशी बोलतात. कोण कुठला अर्थ लावतो आहे याची देवाणघेवाण चालते, गरम कॉफी फिरते, आणि आपला खरा तर्क मात्र प्रत्येक जण पोटात ठेवतो. एरवी थंडीत महिनोन्महिने शेजाऱ्याचं तोंड न बघणारी माणसं मध्यरात्री अनोळखी लोकांबरोबर गुडघाभर बर्फात उभी असतात. या खेळाला सत्तर वर्षांहून अधिक आयुष्य मिळालं त्याचं श्रेय मी बक्षिसापेक्षा या बोलण्याला देईन.

मिनीआपोलिस-सेंट पॉल परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबं थोडी नाहीत. नव्या गावात पहिला हिवाळा काढणाऱ्याला हा शोध मी आवर्जून सुचवीन. पदक मिळण्याची शक्यता कमीच, पण चार कोडी मनापासून सोडवली तरी आपण कुठे राहायला आलो आहोत ते कळू लागतं. कोमोची जमीन शहराने १८७३ मध्ये घेतली, तिथलं काचेचं उद्यानगृह १९१५ पासून उभं आहे, इंडियन माउंड्स बागेतले उंचवटे म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या समाध्या आहेत आणि डकोटा लोकांना ती जागा पवित्र आहे. हे सगळं पर्यटनाच्या पत्रकातही असतं. फरक हा की कोड्यासाठी शोधलेली माहिती विसरत नाही.

कोड्यांतून खजिना शोधायला लावण्याचे इतर प्रयोगही झाले आहेत, आणि त्यांच्याशी ताडून पाहिलं की सेंट पॉलची घडी नीट दिसते. इंग्लंडमध्ये किट विल्यम्स यांनी १९७९ मध्ये एक चित्रमय पुस्तक काढून सोन्याचा ससा पुरला. १९८२ मध्ये तो सापडला, पण शोधून काढणाऱ्याला आतली माहिती मिळाली होती हे १९८८ मध्ये उघड झालं. उत्तर अमेरिकेत बायरन प्राइस यांनी १९८२ मध्ये बारा चित्रं आणि बारा कविता छापून बारा पेट्या पुरल्या. आजवर शिकागो, क्लीव्हलँड आणि बॉस्टन इथल्या तीनच पेट्या सापडल्या आहेत, शेवटची २०१९ मध्ये. प्राइस २००५ मध्ये वारले. फॉरेस्ट फेन यांनी २०१० मध्ये चोवीस ओळींची एक कविता देऊन रॉकी पर्वतात पेटी ठेवली. ती २०२० मध्ये सापडली, पण तोवर शोधणाऱ्यांपैकी निदान पाच जणांचा जीव गेला होता.

या तिन्हींत मुख्य कोडं एकदाच दिलं गेलं. चुकीच्या वाटेने गेलेल्याला रोज परत आणणारं कुणी नव्हतं. प्राइस यांच्या बारा कवितांत बारा वेगवेगळ्या जागा होत्या. सेंट पॉलच्या बारा कोड्यांत एकच जागा बारा वेळा सांगितलेली असते, दर वेळी थोडी जवळून. रोजचं नवं कोडं कालच्या चुका दुरुस्त करतं. हद्द एका लहान काउंटीची, जागा सार्वजनिक बागेची, मुदत साधारण दोन आठवड्यांची. त्यामुळे कुणी नोकरी सोडून डोंगरात भटकत नाही. खेळाला शेवट आहे हे सगळ्यांना ठाऊक असणं ही त्यातली सर्वांत शहाणी तरतूद आहे, असं मला वाटतं.

धोका उरतो तो बागांना. शेकडो माणसं एकाच उतारावर फावडी चालवू लागली की बर्फाखालची झुडपं मोडतात, गवताची मुळं उखडतात. म्हणून बागेची नासधूस करू नका असं वारंवार बजावलं जातं, आणि जुने शोधक नवख्यांना हटकतात. माझ्या मते यातली मोठी जबाबदारी रचणाऱ्याची आहे. नवव्या-दहाव्या कोड्यातच 'झाडीत नको, वाटेलगत पाहा' अशी सूचना यमकात बसवली तर निम्मं नुकसान टळतं. आपल्याकडे एखाद्या गावाने किंवा सोसायटीने असा खेळ मांडायचा ठरवलं, तर हा मुद्दा आणखी महत्त्वाचा होईल. आपली जमीन गोठत नाही, तेव्हा लोक थेट खणायला लागतील. 'वस्तू जमिनीच्या वर आहे, खणाल तर बाद' हा नियम पहिल्याच दिवशी छापावा लागेल. बर्फाच्या जागी पाचोळा किंवा दगडांच्या कपारी कामाला येतील, आणि डिसेंबर-जानेवारीतलं कोरडं गवत पाहता शेकोट्यांना पूर्ण मनाई करावी लागेल.

पदक हाती आलं की ते वर्तमानपत्राकडे नेऊन पडताळून घेतात. पूर्ण बक्षिसासाठी छापील कोडी आणि उत्सवाचा नोंदवलेला बिल्ला जवळ असावा लागतो. बिल्ला नसेल तर रक्कम कमी होते. म्हणून जानेवारी सुरू होताच हौशी लोक सगळ्यात आधी बिल्ला घेऊन नोंदवतात आणि मगच फावड्याला धार लावतात.

त्यानंतर वर्तमानपत्र प्रत्येक कोड्याचा अर्थ ओळ-ओळ करून छापतं, आणि माझ्या दृष्टीने हाच या खेळाचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. कुठला शब्द कशासाठी आला, कुठली दिशा फसवी होती, आकडा कुठल्या वर्षाचा होता, सगळं उघड केलं जातं. रचणाऱ्याची परीक्षा त्या दिवशी होते. अर्थ वाचून लोकांनी कपाळावर हात मारला तर कोडं जमलं. 'हे कुणाला कसं कळणार होतं?' असं म्हणाले तर फसलं, मग ते कितीही सुंदर यमकात असो. त्यावर पुढचे काही दिवस हॉटेलांत आणि कचेऱ्यांत कडाक्याचे वाद होतात. तिसऱ्या कोड्यातला अमुक शब्द अन्यायाचा होता, पाचवं फार लवकर फुटलं, आठवं मात्र अप्रतिम होतं. मुरलेले शोधक ती पानं कापून जपून ठेवतात, कारण हे कोडं लिहिणारा कुठे खोटा वळसा घालतो, माहिती पहिल्या ओळीत ठेवतो की तिसऱ्या, इतिहासातून उचलतो की नकाशातून, हे त्यातूनच कळतं, आणि पुढच्या जानेवारीत पहिलं कोडं छापून येईल तेव्हा त्यांना कामाला येणारं तेवढंच साहित्य असतं.